ठसा, पातं आणि तीन ठिपके: जुना घडीचा चाकू कसा वाचायचा

एका चाकूपासून सुरुवात करू. मिटवला की साधारण साडेदहा सेंटिमीटर लांब. मुठीवर तपकिरी, खाचाखाचांचं हाड आणि दोन्ही टोकांना पांढुरक्या धातूच्या टोप्या. एकाच टोकातून दोन पाती निघतात. मोठ्या पात्याच्या मुळाशी, धार संपून सपाट चौकोनी भाग सुरू होतो तिथे, तिरप्या उजेडात धरलं की बारीक अक्षरं दिसतात: ‘केस एक्सएक्स’, त्याखाली ‘यू. एस. ए.’, आणि सोबत तीन ठिपके. शेजारी किंवा पात्याच्या दुसऱ्या अंगाला एक आकडा, ६२५४.

एवढ्यावरून बरंच सांगता येतं. चाकू डब्ल्यू. आर. केस अँड सन्स या कंपनीचा, म्हणजे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्ड गावचा. साल १९७७ किंवा १९८७, नेमकं कुठलं ते पुढे पाहू. मूठ हाडाची, पाती दोन, घाट ‘ट्रॅपर’. विकणारा जर ‘आजोबांनी ब्रह्मदेशच्या लढाईत वापरलेला’ म्हणून चढी किंमत सांगत असेल, तर आजोबांना नमस्कार करावा आणि पाकीट खिशातच ठेवावं.

मात्र यात एक मेख आहे. ठसा बोलतो तो फक्त स्वतःच्या पात्याबद्दल, आणि तोही ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच खात्रीने सांगतो. मूठ, कमान (म्हणजे आतली स्प्रिंग), दुसरं पातं, खिळ्या त्याच वेळच्या आहेत की नंतर कुणी जोडल्या, हे त्याला विचारून उपयोग नाही. या छंदात हात पोळलेली माणसं ठसा चुकीचा वाचतात असं क्वचितच होतं. ती ठसा बरोबर वाचतात आणि तिथेच थांबतात.

भागांची नावं

घडीच्या चाकूच्या भागांना मराठीत ठरलेली नावं नाहीत, त्यामुळे काही इंग्रजी शब्द तसेच घ्यावे लागतात. पात्याचं मूळ, ज्यातून खिळी आरपार जाते आणि ज्यावर ठसा असतो, तो टँग. टँगच्या खालच्या कडेला एक छोटा उंचवटा असतो, त्याला किक म्हणतात. चाकू मिटला की किक आतल्या पोलादी कमानीवर टेकते आणि धार कमानीपासून केसभर वर राहते. मुठीच्या टोकांवरच्या धातूच्या टोप्या म्हणजे बोल्स्टर. मुठीच्या हाडा-लाकडाखाली दोन्ही बाजूंना जे पातळ पत्रे असतात, बहुधा पितळेचे, ते लायनर. पातं उघडायला पाठीजवळ नखाची खाच असते. पाठीवर पुढच्या भागात धारेसारखा पण बोथट उतार दिला असेल तर तो स्वेज. ही नावं पाठ करायची गरज नाही, पण किक आणि स्वेज लक्षात ठेवा. बनवाबनवी पकडताना तेच कामाला येतात.

अजून एक गोष्ट. घडीच्या चाकूची लांबी सांगतात ती मिटलेल्या चाकूची, बोल्स्टरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ६२५४ सव्वाचार इंचांपेक्षा थोडा कमी, म्हणजे ४ इंच आणि एक अष्टमांश. पातं उघडून मोजलेला आकडा कुठल्याच यादीशी जुळणार नाही.

ठिपक्यांचं गणित

केसच्या चाकूंपासून शिकणं सगळ्यात सोपं, कारण या कंपनीने सालांचा हिशोब जवळजवळ उघडच ठेवला आहे. टँगवर ‘केस टेस्टेड एक्सएक्स’ असेल तर चाकू १९२० ते १९४० मधला. नुसतं ‘केस एक्सएक्स’ असेल तर १९४० ते १९६४. त्याखाली ‘यू. एस. ए.’ जोडलेलं असेल आणि ठिपका एकही नसेल तर १९६५ ते १९६९.

१९७० साली ठिपके आले. पहिल्या वर्षी दहा, मग दर वर्षी एक कमी. १९७१ ला नऊ, १९७५ ला पाच, १९७९ ला एकच. १९८० मध्ये पुन्हा दहापासून सुरुवात झाली. म्हणजे तीन ठिपके १९७७ चेही असू शकतात आणि १९८७ चेही. निवाडा करायचा तो ‘केस’ या शब्दातल्या इंग्रजी ‘एस’ अक्षरावरून. सत्तरच्या दशकात ते नेहमीसारखं गोलाईदार आहे. ऐंशीच्या दशकात त्याची टोकं विजेच्या रेघेसारखी अणकुचीदार आहेत, आणि संग्राहक त्याला ‘लाइटनिंग एस’च म्हणतात. भिंगाशिवाय हा फरक सहज निसटतो. १९९० नंतर ठशाची रीत पुन्हा बदलते, त्यामुळे त्या काळाला हे गणित जसंच्या तसं लावू नये.

दोन ‘एक्स’चं काय? कंपनीत सांगितली जाणारी हकीकत अशी: पात्यांची टोपली भट्टीतून एकदा गेली की तिच्यावर एक फुली, दुसऱ्यांदा गेली की दुसरी. दोन फुल्या म्हणजे पोलादाला दोनदा पाणी दिलेलं.

आता आकडा. ६२५४ मधला पहिला अंक मुठीचा. १ म्हणजे अक्रोडाचं लाकूड, २ काळं प्लास्टिकसदृश द्रव्य, ३ पिवळं, ४ पांढरं, ५ खरं शिंग, ६ खाचा पाडलेलं हाड, ८ शिंपला, ९ नकली शिंपला. दुसरा अंक पात्यांची संख्या. उरलेला ५४ हा घाटाचा क्रमांक. त्यामुळे ५२५४ म्हणजे तोच ट्रॅपर, पण शिंगाच्या मुठीचा, आणि ३३१८ म्हणजे पिवळ्या मुठीचा, तीन पात्यांचा, १८ क्रमांकाचा घाट, ज्याला स्टॉकमन म्हणतात. पुढे अक्षरं लागतात. दोन ‘एस’ असतील तर स्टेनलेस. ‘सीव्ही’ असेल तर क्रोम-व्हॅनेडियम, म्हणजे गंज धरणारं पण धारेला गोड असं कार्बन पोलाद. ‘आर’ असेल तर मुठीला दोरी ओवायची कडी आहे.

यात फसवी जागा आहे ती ६ ची. चांगलं हाड मिळेनासं झालं तेव्हा त्याच क्रमांकाखाली दुसऱ्या द्रव्याच्या मुठीही निघाल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराची खडबडीत काळी मूठ ही कृत्रिम आहे, पुढे डेल्रिन नावाचं प्लास्टिकही आलं. आकडा ६ म्हणतो म्हणून हाड समजू नका. भिंगातून पाहा. हाडात बारीक काळपट टिंबं आणि तुटक रेषा दिसतात. जिवंतपणी त्यातून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात, त्यांची ती भोकं. प्लास्टिकमध्ये असं काही नसतं. तापवलेली सुई टोचून पाहा असा सल्ला कुणी देईल. देऊ दे. डाग कायमचा राहतो, आणि मूठ सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची निघाली तर ती पेटही घेते.

एकाच चाकूच्या दोन पात्यांवर वेगवेगळे ठसे दिसले तर लगेच नाक मुरडू नये. कारखान्यात आधीची पाती शिल्लक असत आणि ती वाया घालवायची रीत नव्हती. १९६४–६५ मध्ये एका पात्यावर नुसतं ‘एक्सएक्स’ आणि दुसऱ्यावर ‘यू. एस. ए.’ असे अस्सल चाकू बाहेर पडले. पण एक पातं १९४० च्या आतलं आणि दुसरं सत्तरचं असेल, तर कुणीतरी दोन मोडके चाकू जोडून एक केला आहे.

शेफील्ड: तारा, क्रूस आणि मुकुट

इंग्लंडमधलं शेफील्ड शहर ठशांचं माहेरघर. तिथल्या सुरी-कारागिरांच्या संघाला, कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायरला, १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली. प्रत्येक उस्तादाचं चिन्ह नोंदवायचं, दुसऱ्याने ते वापरायचं नाही, हा नियम तेव्हाचा. पुष्कळ कारागीर व गिऱ्हाइकं निरक्षर असत, म्हणून चिन्हं चित्रांची: तारा, चंद्र, बाण, प्राणी. हे व्यापारचिन्हांच्या आधुनिक कायद्याच्या कितीतरी आधीचं आहे.

त्यातलं सगळ्यांत गाजलेलं चिन्ह जोसेफ रॉजर्स अँड सन्सचं. आधी तारा, मग माल्टीज क्रूस, म्हणजे चारही हात बाहेरच्या बाजूला रुंद होत गेलेला क्रूस. रॉजर्सचा माल मुंबई-कलकत्त्यातही खपायचा, त्यामुळे आजही पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या मटण स्ट्रीटवर एखादा वस्तरा, कात्री किंवा पेननाइफ समोर येतो. आधी नावाचं इंग्रजी स्पेलिंग पाहा. खऱ्या रॉजर्सच्या नावात ‘डी’ आहे. उच्चार तोच ठेवून ‘डी’ गाळलेली नावं पुष्कळांनी वापरली, आणि घाईत ती सहज खपून जातात.

१८२२ मध्ये रॉजर्सना राजघराण्याचे सुरीकार ही पदवी मिळाली. तेव्हापासून टँगवर मुकुट आणि राजाची आद्याक्षरं येऊ लागली. ‘डब्ल्यू. आर.’ म्हणजे चौथा विल्यम, १८३० ते १८३७. ‘व्ही. आर.’ म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. ‘ई. आर.’ बहुधा सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. ‘जी. आर.’ मात्र डोकेदुखी आहे: चौथा जॉर्ज १८३० पर्यंत, पाचवा १९१० ते १९३६, सहावा १९३६ ते १९५२. इथे दुसरा पुरावा लागतोच. शिवाय राजा बदलला म्हणून जुने छाप त्याच दिवशी भंगारात गेले नाहीत. व्हिक्टोरियाचं नाव बाजारात चालत होतं, तेव्हा ‘व्ही. आर.’ असलेला चाकू १८३७ च्या आधीचा नाही एवढंच पक्कं मानावं.

शेफील्डच्याच जॉर्ज वोस्टनहोमचं चिन्ह ‘आय एक्स एल’ या तीन अक्षरांचं. इंग्रजीत भरभर म्हटलं की ‘मी सरस आहे’ असं ऐकू येतं. चिन्ह १७८७ मध्ये दुसऱ्याच एका कारागिराच्या नावावर नोंदलेलं होतं आणि वोस्टनहोमकडे ते १८२६ मध्ये आलं. अमेरिकेत हे नाव इतकं चाललं की नकला करणाऱ्यांनी अशीच तीन-चार अक्षरांची जोडणी करून छाप काढले.

(शेफील्डला मोठेपणा मिरवायची हौसही दांडगी. रॉजर्सनी १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी बनवलेल्या नॉरफोक नाइफला ७५ पाती आहेत. तो खिशात मावत नाही हे सांगायला नको.)

देशाचं नाव कुठून आलं

टँगवर ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ लिहायची सवय कारागिरांना हौसेने लागली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या सोलिंगेनचे काही कारखाने आपल्या स्वस्त मालावर ‘शेफील्ड’ छापून विकत होते. ब्रिटिशांनी १८८७ मध्ये मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट आणला आणि परदेशी मालावर उगमस्थान लिहायला लावलं. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द गिऱ्हाइकाला सावध करायला आले होते. पुढे तेच शब्द चांगल्या मालाची खूण होऊन बसले, हा काळाचा विनोद.

अमेरिकेत १८९० चा मॅकिन्ले जकात कायदा आला. मार्च १८९१ पासून तिथे उतरणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. त्यामुळे अमेरिकेत सापडलेल्या शेफील्डच्या चाकूवर ‘इंग्लंड’ नसेल तर तो बहुतेक १८९१ च्या आधीचा, असा अंदाज तिथले संग्राहक बांधतात. आपल्याकडे हाच नियम लावायला गेलं तर फसगत होते. तो कायदा अमेरिकेत जाणाऱ्या मालाचा होता. हिंदुस्थानात किंवा खुद्द इंग्लंडात विकायच्या चाकूवर त्यानंतरही नुसतं ‘शेफील्ड’ असू शकतं. इंटरनेटवर वाचलेल्या तारखा मुंबईत मिळालेल्या चाकूला चिकटवताना हे ध्यानात ठेवा.

साल ठरवायला कायद्यांपेक्षा धातू आणि मुठी जास्त भरवशाच्या. स्टेनलेस पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये तयार केलं, त्यामुळे पात्यावर ‘स्टेनलेस’ शब्द असेल तर व्हिक्टोरियाचा विषय संपला. सेल्युलॉइड १८७० च्या सुमाराचं. डेल्रिन बाजारात आलं १९६० मध्ये. ‘टेस्टेड एक्सएक्स’ ठशावर डेल्रिनची मूठ दिसली तर ती मूठ बदललेली आहे, वाद घालायचं कारण नाही.

आपल्या बाजारात आणखी एक प्रकार बऱ्यापैकी दिसतो, तो लष्करी क्लास्प नाइफ. एक बोथट टोकाचं सरळ पातं, डबा फोडायचं हत्यार आणि बऱ्याचदा दोरखंडाच्या गाठी सोडवायचा जाड सुया. त्यावर वरच्या दिशेने तोंड केलेला तीन रेघांचा बाण असतो. ब्रिटिश सरकारी मालमत्तेची ती खूण. बाणाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर तो हिंदुस्थानी लष्करासाठी तपासून घेतलेला. जवळच साल कोरलेलं असेल तर काम आणखी सोपं.

सोलिंगेनची जुळ्यांची जोडी, म्हणजे हेंकेल्सचं चिन्ह, १७३१ मध्ये तिथल्या संघाकडे नोंदलं गेलं. बोकरचं झाड त्यामानाने अलीकडचं, कंपनीच १८६९ ची. जर्मन चाकूवर ‘वेस्ट जर्मनी’ असं असेल तर तो १९४९ ते १९९० मधला, हे शाळेतल्या इतिहासावरूनही कळतं.

फ्रान्सच्या सव्हॉय भागातल्या ओपिनेलला मात्र ठशापेक्षा कडी जास्त बोलकी. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये हा साधा लाकडी मुठीचा चाकू बनवायला घेतला. मुकुट घातलेला आशीर्वादाचा हात हे चिन्ह १९०९ पासूनचं. मुठीच्या तोंडाशी फिरणारी, पातं अडकवणारी कडी आली १९५५ मध्ये. २००० पासून ती कडी मिटलेलं पातंही अडकवते. म्हणजे मोठ्या आकाराच्या ओपिनेलला कडीच नसेल तर १९५५ च्या आधीचा. पण दोन ते पाच क्रमांकाच्या लहान चाकूंना कडी नसतेच, त्यांच्यावरून निष्कर्ष काढू नका.

पात्यांचे आकार

पात्याचा आकार शोभेसाठी ठरलेला नाही. प्रत्येकामागे एक काम आहे, आणि ते काम कळलं की आकार विसरत नाही.

क्लिप: पाठीचा पुढचा तुकडा कुणी कापून काढावा तसा. पाठ सरळ येते, मग खाली उतरते, कधी पोकळ कमानीसारखी, आणि अणी बारीक होते. सोलणं, भोक पाडणं, नाजूक टोकाचं काम. अमेरिकन चाकूंवर मुख्य पातं बहुधा हेच.

स्पे: ट्रॅपरचं दुसरं पातं. धार जवळजवळ सरळ जाते आणि शेवटी एकदम वर वळते, टोक बोथट. हे जनावरांच्या खच्चीकरणासाठी. जनावर हिसका देणारच, तेव्हा अणी आत घुसू नये म्हणून टोकच ठेवलेलं नाही. काही जुन्या अमेरिकन स्पे पात्यांवर ‘फक्त मांसासाठी’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले सापडतात. ही धार फार पातळ घासलेली असते, तिने लाकूड तासलं की धारेचे तुकडे उडतात. फासे लावून फरसाठी जनावरं पकडणाऱ्यांना तेच पातं कातडी सोलायला बरं पडलं, म्हणून क्लिप आणि स्पे या जोडीचं नाव ट्रॅपर.

शीप्सफूट: धार पट्टीसारखी सरळ, पाठ शेवटी गोल वळून धारेला मिळते. मेंढीच्या खुरासारखा आकार. अणी नाहीच, त्यामुळे हलत्या जहाजावर दोर कापायला खलाशांनाही तेच आवडे, आणि वरचा लष्करी चाकूही याच घराण्यातला.

व्हार्नक्लिफ: याचीही धार सरळ, पण पाठ शेवटी वळत नाही, बरीच आधीपासून हळूहळू उतरत येते. म्हणून टोक टोकदार. शीप्सफूट आणि व्हार्नक्लिफ यांच्यात गोंधळ फार होतो. पाठीवरून बोट फिरवा. शेवटी गचकन खाली गेलं तर शीप्सफूट, निम्म्यापासून उतार जाणवला तर व्हार्नक्लिफ. हे नाव एका इंग्रज उमरावाच्या किताबावरून आलं आणि तो किताबच १८२६ चा आहे. त्याआधीच्या चाकूला कुणी ‘व्हार्नक्लिफ’ म्हणत असेल तर ते आजचं नाव मागे चिकटवलेलं.

स्पिअर म्हणजे भाल्याचं पातं, अणी बरोबर मध्यावर. त्याचं छोटं भावंड पेन. नावाप्रमाणे ते पिसाच्या लेखणीला टोक काढायचं. आपल्याकडे बोरूला तिरकस छेद द्यायला जो छोटा चाकू लागायचा, तेच काम. लेखण्या गेल्या, पातं राहिलं.

स्टॉकमन म्हणजे क्लिप, शीप्सफूट आणि स्पे एकत्र, गुराख्याच्या खिशातला अख्खा दवाखाना. बार्लो ओळखायचा तो पात्यावरून नाही, तर मुठीच्या जवळजवळ एक तृतीयांश भागापर्यंत आलेल्या लांब बोल्स्टरवरून, ज्यावर बऱ्याचदा ‘बार्लो’ असं ठळक छापलेलं असतं. ते एका घाटाचं नाव आहे, कंपनीचं नाही. बनवणारा कोण हे टँगच सांगेल.

बनवाबनवी कुठे पकडायची

दहापट भिंग, लहान चुंबक, मऊ सुती फडकं आणि खिडकीचा तिरपा उजेड. एवढं पुरतं.

ठशापासूनच सुरू करा, पण अक्षरं वाचू नका, त्यांचा तळ पाहा. अस्सल ठसा पोलाद मऊ असताना, पाणी देण्याआधी, पोलादी छापाने दाबलेला असतो. अक्षराच्या भिंती उभ्या असतात आणि तळाला आजूबाजूच्या पृष्ठभागाइतकाच जुनाट काळपटपणा असतो. नंतर आम्लाने किंवा यंत्राने कोरलेला ठसा उथळ असतो, तळ करडा आणि एकसारखा, कडा किंचित विरघळल्यासारख्या. त्याहून चलाख माणूस जुना ठसा घासून काढतो आणि नवा ठोकतो. त्याला एक गोष्ट लपवता येत नाही: धातू काढल्यावर टँग पातळ होतो. चाकू डोळ्याच्या रेषेत धरा आणि टँगच्या दोन्ही बाजूंना लायनरपर्यंत किती फट आहे ते पाहा. एका बाजूला जास्त असेल तर तिथून पोलाद गेलं आहे. पातं डावी-उजवीकडे हलत असेल तर संशय आणखी पक्का.

मग खिळ्या. बोल्स्टरमधून जाणारी मुख्य खिळी बोल्स्टरच्याच धातूची असते आणि घासल्यावर ती जवळजवळ दिसेनाशी होते. तिचा गोल ठळक दिसत असेल, भोवती हातोडीच्या खुणा असतील, तर चाकू उघडून पुन्हा बसवलेला आहे. तो दुरुस्तीसाठीही असेल. पण विकणारा ‘जसाच्या तसा’ म्हणत असेल तर एवढा प्रश्न विचारायला हरकत नाही. चुंबक इथेच लावा. निकेल सिल्व्हर आणि पितळ त्याला चिकटत नाहीत, लोखंडी बोल्स्टर चिकटतो. एका टोकाला चिकटला आणि दुसऱ्याला नाही, तर दोन चाकूंचं लग्न लागलेलं आहे.

पातं किती झिजलं आहे हे पाहताना नुसत्या नजरेवर जाऊ नये. कारण वर्षानुवर्षं घासलं तरी पाठ आणि नखाची खाच जागच्या जागी राहतात, कमी होते ती धारेची बाजू. पात्याची रुंदी टँगजवळ आणि मध्यावर मोजा. मध्यावर लक्षात येईल इतकी कमी असेल तर बरंच पोलाद दगडावर गेलं आहे. अणी मोडून नवी काढली असेल तर मिटल्यावर ती पलीकडच्या बोल्स्टरपासून दूरच थांबते, आणि स्वेजचा उतार टोकाशी निमूट संपायच्या ऐवजी मध्येच तुटतो. काही जण टोक बुडावं म्हणून किक घासतात. मग मिटताना धार थेट कमानीवर आपटते आणि धारेच्या मध्यात एक खाच पडते. ती खाच दिसली की कारण शोधायला किककडे जा.

आवाजही ऐका. चांगला चाकू उघडताना आणि मिटताना खट् असा स्वच्छ आवाज देतो आणि पातं शेवटचा थोडा प्रवास स्वतःहून करतं. आळसावलेला आवाज म्हणजे कमान थकली किंवा सांध्यात चिकट तेल आहे. दुसरं कारण सुटू शकतं, पहिलं नाही.

आणि अस्सल असूनही फसवणारी एक जात आहे: पुनरावृत्ती. रेमिंग्टनने आपले जुने चाकू १९२० ते १९४० मध्ये बनवले. त्यातला मुठीवर गोळीच्या आकाराचं पदक असलेला ‘बुलेट’ मालिकेतला आर ११२३ फार मागणीतला. १९८२ पासून त्याच नावाने, त्याच क्रमांकाने नवे चाकू निघू लागले. त्यात लबाडी काही नाही, कंपनीने उघडपणे विकले. लबाडी सुरू होते ती कुणी त्यातलाच एक चहाच्या पाण्यात आणि व्हिनेगरमध्ये बुडवून म्हातारा केला की. खरं म्हातारपण असमान असतं: हाताळल्या जागी मूठ गुळगुळीत, खाचांत मळ, नखाच्या खाचेची कड झिजलेली. बुडवून आणलेला काळेपणा सगळीकडे सारखा पसरतो, अगदी जिथे बोट कधी पोहोचत नाही तिथेही.

मुठीच्या बाबतीत भारतीय संग्राहकाने कायदा ध्यानात ठेवावा. परदेशी चाकूंवरचं बरंचसं ‘स्टॅग’ म्हणजे मूळ भारतातून गेलेलं सांबराचं शिंग. आता हस्तिदंत आणि सांबरशिंग दोन्हींचा व्यवहार वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कक्षेत येतो. हस्तिदंती मुठीचा शेफील्ड कितीही देखणा असला तरी त्याच्या खरेदी-विक्रीत पडू नये, आणि परदेशातून मागवू तर मुळीच नये.

पावसाळ्यात

कार्बन पोलादाच्या पात्यावर निळसर-करडी झाक आली तर ती राहू द्या, ती पात्याला थोडंफार सांभाळते. तांबूस गंज मात्र काढावा. शिलाई मशीनचं तेल लावून एक दिवस ठेवा, मग दातकोरणीने किंवा पितळेच्या पट्टीने हळूच खरवडा. पितळ पोलादापेक्षा मऊ असतं, चरे पडत नाहीत. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही नको: चाकू चकाकेल आणि संग्राहकाच्या लेखी त्याची निम्मी किंमत धुवून जाईल. खोबरेल तेल सांध्यात घालू नये. काही महिन्यांत ते घट्ट होतं आणि खट् आवाज गप्प होतो. मशीनचं तेल एका थेंबाने भागतं. घालून दहा-बारा वेळा उघडमीट करा, बाहेर येणारा काळा मळ पुसा, आणि पुन्हा एक थेंब.

चामड्याच्या म्यानात चाकू साठवू नका. चामडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे पितळेवर हिरवा थर चढतो आणि दमट कोकणात तो आठवड्यांत दिसतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर पावसाळ्याआधी बदला. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू वेगळ्या, हवा खेळत्या डब्यात हवेत. ते द्रव्य जुनं झालं की आम्लयुक्त वायू सोडतं आणि त्याच चाकूच्या व शेजारच्या पात्यांना गंज चढतो. एकाच डब्यातल्या पाच चाकूंपैकी चार एकदम गंजले आणि कारण कळेना, तर एकेकाची मूठ हुंगून पाहा. कापूर किंवा आंबूस वास आला तर त्याला आजच बाहेर काढा.